बसून राहिलेल्या शिपायांची गोष्ट



इंदुरीत उभे राहून लढाईवर बोलायचे म्हटले की सुरुवात कुठून होणार हे श्रोत्यांना आधीच माहीत असते. इंद्रायणीकाठची गढी, ती बांधणारे सरसेनापती खंडेराव दाभाडे, मग उमाबाई. वक्ता जरा तयारीचा असला की पाच मिनिटांत त्याची घोडी गुजरातेत पोचतात. ते ऐकायला मलाही आवडते. पण आज मी पायदळाबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही चालून जाणाऱ्या पायदळाबद्दल नाही. खड्डा खणून त्यात बसलेल्या, महिनोन्महिने बसून राहिलेल्या आणि अखेर हरलेल्या शिपायांबद्दल मला बोलायचे आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात सनावळी पाठ करून घेत. मला मात्र आज तुमच्याकडून काही पाठ करून घ्यायचे नाही. दोन-तीन तारखा सांगतो, तेवढ्या लक्षात राहिल्या तरी पुरे.

पहिले महायुद्ध ऑगस्ट १९१४ मध्ये पेटले. ऑक्टोबरच्या मध्याला मुंबई बंदरातून एक ब्रिगेड बोटीत चढली. ती सहाव्या, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजनची पहिली तुकडी. पुण्याकडून मुंबई बंदरात जायचे तर तेव्हाही रस्ता हाच होता: तळेगाव, लोणावळा, बोरघाट. त्याच सुमाराला लोणावळ्याच्या डोंगरात टाटांच्या विजेच्या तलावांची कामे शेवटाला आली होती. म्हणजे मावळात त्या वर्षी माती खणली जातच होती. ज्यांच्या हाती कुदळ-फावडे बसले होते, त्यांना तोच धंदा दुसरीकडे महिना अकरा रुपयांवर मिळाला, एवढेच. शिपायाचा पगार तेव्हा अकरा रुपये होता. लोक पलटणीत का गेले, याचे उत्तर पुष्कळदा राजनिष्ठा, शौर्य, क्षात्रतेज असल्या शब्दांत दिले जाते. त्या शब्दांशी माझे भांडण नाही. पण अकरा रुपये आधी मोजावेत.

६ नोव्हेंबर १९१४ ला ही ब्रिगेड इराणच्या आखाताच्या टोकाला फाव येथे उतरली. तिच्यात ११७ मराठा ही पलटण होती. महिना संपायच्या आत बसरा पडले. मागून डिव्हिजनचा बाकीचा भाग आला, त्यात ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि १०३ मराठा लाइट इन्फंट्री. ही १०३ म्हणजे १७६८ मध्ये उभी राहिलेली, आज जिला ‘जंगी पलटण’ म्हणतात ती. या पलटणींत देशावरचे मराठे होते, कोकणातले मराठे होते आणि दख्खनी मुसलमानही होते. हा तिसरा शब्द भाषणांतून हल्ली गळतो, म्हणून मुद्दाम उच्चारतो.

पहिले वर्षभर सारे सरळ गेले. शैबा, मग कूत-अल-अमारा, मग बगदादच्या अलीकडे टेसिफोन. जनरल टाउनशेंड पुढे पुढे जात राहिला आणि रसद मागे मागे राहिली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तुर्कांनी अडवले. माणसे इतकी पडली की परत फिरण्यावाचून गत्यंतर नव्हते. थकलेली फौज मागे हटत कूतला आली. कूत म्हणजे टायग्रिस नदीच्या वळणात अडकलेले एक मातीचे गाव, तिन्ही बाजूंना पाणी. चौथ्या बाजूला, जमिनीच्या अरुंद मानेवर, त्यांनी खंदक खणायला सुरुवात केली. ७ डिसेंबरला वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने सुटला.

आता खंदक म्हणजे काय ते जरा पाहू. शाळेच्या पुस्तकात एक चित्र असते: माणसाच्या उंचीची चर, तिच्यात बंदूक टेकवून उभा असलेला सैनिक. चित्र चूक नाही, पण त्यात वेळ दिसत नाही. खंदक सरळ रेषेत कधी खणत नाहीत, नागमोडी खणतात. सरळ खणला आणि एका टोकाला शत्रू शिरला, तर एकाच बंदुकीने तो सगळी ओळ कापून काढील. कडेला तोफगोळा फुटला तरी वळणापलीकडची माणसे वाचावीत हाही हिशेब असतो. पुढे मातीच्या गोण्यांचा बांध, त्याच्या पुढे काटेरी तार, मागे दुसरी चर, तिच्यामागे तिसरी, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या आडव्या चरी. यांतून पाणी, काडतुसे, भाकरी पुढे जाते आणि जखमी मागे येतो. डोके वर काढायचे नाही. दिवसा झोप, रात्री काम. रात्रीचे काम म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा खणणे, कारण दिवसा गोळ्यांनी पाडलेले रात्री भरून काढावे लागते.

मेसोपोटेमियाची जमीन ही नदीने आणून टाकलेली गाळाची जमीन आहे. तिथे दगड नाही, झाड नाही, आडोसा नाही. कोरडी असली की डोळ्यांत जाणारी धूळ आणि ओली झाली की पाय न सोडणारा चिखल. चिखल मावळच्या माणसाला नवा नव्हता. भाताच्या खाचरात पोटरीपर्यंत रुतून चिखलणी करणाऱ्याला त्याची काय भीती? पण खाचरातून संध्याकाळी बाहेर पडता येते, आणि चार महिन्यांनी त्याच चिखलातून भात येते. जानेवारी १९१६ मध्ये टायग्रिसला पूर आला, पाणी बांध फोडून पुढच्या खंदकांत शिरले. मराठे, पंजाबी, इंग्रज सगळे ओलेचिंब होऊन मागच्या ओळीत सरकले. समोर तुर्कांचेही खंदक भरले आणि तेही मागे सरकले. नदीने दोघांनाही सारखेच हाकलले. लढाईच्या अहवालात याला दोन ओळी मिळतात. त्या रात्री थंडीत कुडकुडणाऱ्याला त्या दोन ओळी किती लांब वाटल्या असतील?

शौर्याचे प्रसंग नव्हते असे नाही. १९१५ चा नाताळ उजाडायच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, तुर्कांनी कूतच्या ईशान्य टोकावरच्या मातीच्या किल्ल्यावर हल्ला चढवला. तोफांनी भिंत पडली, त्या खिंडारातून माणसे आत घुसली. आत १०३ मराठा, ११९ इन्फंट्री आणि इंग्रजांची ऑक्सफर्डशायर पलटण. हातबाँब, संगिनी, अंधार. हल्ला परतवला गेला. हा प्रसंग पोवाड्यात बसेल. पण पाच महिन्यांच्या आसपासच्या त्या वेढ्यात असे दिवस बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सगळे दिवस भुकेचे.

त्या भुकेविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. धान्य संपत गेले तसे टाउनशेंडने घोडे आणि खेचरे मारायला सुरुवात केली. इंग्रज शिपायांनी घोड्याचे मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी नाकारले. त्याचा परिणाम डॉक्टरांच्या नोंदींत स्पष्ट दिसतो. सुरुवातीला पांढऱ्या पिठाच्या पावावर जगणाऱ्या इंग्रजांना बेरीबेरी झाली. जव-गव्हाचे पीठ खाणारे हिंदी शिपाई तिच्यातून बरेचसे वाचले, पण मांस नाही, भाजी नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाली: हिरड्या सुजणे, दात हलणे, जुन्या जखमा पुन्हा उकलणे. शिपाई रानातला पाला खुडून शिजवू लागले. आपल्याकडे पहिल्या पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी कोणती आणि कुठे, हे आजीला पाठ असते. परक्या मुलखातल्या रानात आजी नव्हती. त्या पाल्यात विषारी रोपे निघाली, त्याने माणसे आजारी पडली, काही दगावली. भूक मारायला अफूच्या गोळ्या होत्या.

हिंदुस्थानातून धर्मगुरूंचे संदेश मागवण्यात आले की प्राण वाचवण्यासाठी हे मांस खाल्ले तर दोष नाही. तरीही कित्येक आठवडे बहुतेकांनी ते तोंडाला लावले नाही. एप्रिलमध्ये पीठ माणशी दिवसाला एक मूठ उरले तेव्हा हजारोंनी अखेर खाल्ले. इंग्रज लेखकांनी या नकाराला हट्ट म्हटले, अंधश्रद्धा म्हटले, आणि काहींनी तर कूत पडण्याचे खापरही त्यावर फोडले. मला हे पटत नाही. इथून नदीकाठाने तासाभरात देहू येते. भंडाऱ्याचा डोंगर या मांडवातून दिसतो. या पट्ट्यात गळ्यात माळ घातलेले घर शोधावे लागत नाही. असा एखादा माळकरी त्या खंदकात बसला असेल, तर त्याच्यापुढचा प्रश्न पोटाचा तर होताच, पण गावाकडे परत गेल्यावर पंगतीत कुठे बसायचे हाही होता. त्याला वाटणारी भीती ही सुखरूप घरी पोचण्याची आशा धरलेल्या माणसाची भीती आहे. मरणार अशी खात्री असती तर त्याने कदाचित लवकर खाल्ले असते.

बाहेरून सुटकेचे प्रयत्न चालू होते. हन्ना, दुजैला, सन्नायात. ही नावे म्हणजे दुसऱ्या खंदकांच्या ओळी. त्या ओळींवर धावून जाताना सुटका करायला आलेल्यांपैकी सुमारे तेवीस हजार माणसे मेली किंवा जखमी झाली, आणि ज्यांना सोडवायचे होते ती आत सुमारे तेरा हजार होती. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयोग झाला, वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद पुरवण्याचा जगातला बहुधा पहिलाच. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती लागली. धान्य दळायला जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले गेले. आत सॅपर मंडळींनी विमानाच्या बंद पडलेल्या इंजिनाच्या नळकांड्यांतून उखळी तोफ बनवली होती. मेंदू चालत होता, फक्त पोट चालत नव्हते. शेवटी तुर्कांना पैसे देऊन फौज सोडवण्याचा प्रस्ताव गेला. तो त्यांनी जगभर जाहीर करून इंग्रजांची शोभा केली.

शरणागतीनंतर टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, आणि त्याच वर्षी सरकारने त्याला ‘सर’ही केले. शिपायांना वाळवंट मिळाले. पायी कूतहून बगदाद, तिथून मोसुल, तिथून रास-अल-ऐन, जिथे जर्मन बांधत असलेल्या रेल्वेवर त्यांना राबवले गेले. उन्हाळा, मारझोड, जुलाब. कैदेत मेलेल्या हिंदी माणसांचा नेमका आकडा कुणालाही देता आलेला नाही, कारण कुणी मोजत नव्हते.

इथपर्यंतची हकिकत तुम्हाला कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात मिळेल. पुढचे कुणी फारसे बोलत नाही. या सगळ्याचा अनुभव, म्हणजे खंदकात बसलेल्या माणसाला काय वाटले, ते आपल्यापर्यंत मराठीतून कितीसे आले?

बंगालीत आले. शिशिर सर्वाधिकारी नावाचा तरुण बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमध्ये होता. तो कूतला होता, कैदेत गेला, रास-अल-ऐन आणि अलेप्पोला राहिला. डायरीची पाने फाडून बुटांत लपवून तो ती जपत गेला. पुढे चाळीस वर्षांनी त्याचे पुस्तक झाले: ‘अभि ले बगदाद’. कल्याण मुखर्जी नावाचा डॉक्टर कूतला होता, तो कैदेत वारला. त्याच्या वृद्ध आजीने, मोक्षदादेवींनी, त्याची पत्रे आणि चरित्र एकत्र करून पुस्तक छापले. बंगालमधून कूतला गेलेली माणसे थोडीच, आणि दोन पुस्तके. आपल्या पलटणीच्या पलटणी गेल्या आणि आपल्याकडे काय आहे? महायुद्धाच्या छायेतली आपली सर्वांत गाजलेली कादंबरी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, ती १९३९ ची, आणि ती सगळी एका बोटीवर घडते. कादंबरी मोठी आहे, त्यात शंका नाही. पण नाव ‘रणांगण’ आणि खंदक कुठेच नाही.

याचे सोपे उत्तर असे की आपले शिपाई निरक्षर होते. अंशतः खरे. फ्रान्समध्ये हिंदी शिपायांची पत्रे सरकारी सेन्सॉर वाचत असे आणि दर आठवड्याला त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवून वर पाठवत असे. ते उतारे लंडनला टिकले, १९९९ मध्ये डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांची निवड प्रसिद्ध केली. त्यांत पंजाबचा आवाज मोठा आहे, कारण फ्रान्सला पंजाबची माणसे जास्त होती. लिहिता न येणारा पंजाबी शिपाईही कारकुनाकडून लिहून घेत होता. जर्मनांनी आपल्या कैदेतल्या हिंदी शिपायांचे आवाज तबकडीवर घेतले. त्यांत मल्लसिंग नावाचा एक शीख घरच्या लोण्याची आठवण काढतो, आणि तो आवाज आजही बर्लिनमध्ये ऐकता येतो. तेव्हा निरक्षरता हे कारण पुरत नाही.

माझ्या मते कारण आपल्या ऐकण्यात आहे. आपल्याला शूराची गोष्ट ऐकायची सवय आहे आणि शूराची गोष्ट म्हणजे चाल करून जाणाऱ्याची गोष्ट. ती सवय चांगल्या कारणाने लागली आहे, गढी समोर उभी आहे. पराभवही आपण आठवतो, पानिपत आठवतो, पण तिथेही आठवतात ते हत्ती, घोडे, विश्वासराव आणि भाऊसाहेब. उपाशी बसलेली छावणी पटकन आठवत नाही, जरी पानिपतही खरे त्या उपासमारीतच हरले होते. खंदकातल्या माणसाजवळ सांगण्यासारखी चाल नव्हती. तो परत आला तेव्हा लोकांनी विचारले असेल, किती मारले? आणि त्याला सांगायचे होते की पाच महिने बसलो, घोडा खाल्ला, मग हात वर केले. हे तो कुणाला सांगणार? त्याने सांगितले नाही, आणि ऐकणाऱ्यांनीही पुन्हा विचारले नाही.

काळही त्याला साथ देणारा नव्हता. जे परत आले ते १९१८ च्या अखेरीस आणि १९१९ मध्ये आले. तेव्हा घराघरांतून मानमोडीची साथ माणसे नेत होती. मावळातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून अलीकडेपर्यंत ऐकू येणारी त्या काळची आठवण ती, एकाच तिरडीवर दोघे, एका घरात तीन मयती. पुढे १९२१ ला शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह सुरू झाला. देशाच्या राजकारणाचे चाक फिरले होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळकांनी सैन्यभरतीच्या मागणीला स्वराज्याची अट जोडायला सुरुवात केली तर गव्हर्नरने त्यांना बोलूच दिले नाही. वर्षभरात जालियनवाला घडले. इंग्रजांसाठी लढून आलेला माणूस एकदम अवघड आठवण होऊन बसला. पुढे स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, ते योग्यच होते. कूतच्या शिपायाला ताम्रपट मिळण्याचा प्रश्न नव्हता. तो कुणाच्याच बाजूचा राहिला नाही.

सरकारने मात्र स्मरणाची सोय केली, पण तीही दर्जाप्रमाणे. लढाईनंतर ब्रिटिश वॉर मेडल वाटले गेले. शिपायाला चांदीचे. स्वयंपाकी, भिस्ती, धोबी, खेचरवाले, मजूर, ज्यांना ‘फॉलोअर’ म्हणत, त्यांना तेच मेडल, पण काशाचे. कूतला शरण गेलेल्यांत हे फॉलोअर तीन हजारांहून जास्त होते. तेही तेवढेच उपाशी, आणि तेवढेच कैदी. पुढे मजूर कमी पडले तेव्हा तुरुंगांतून माणसे भरती करून मेसोपोटेमियाला पाठवली गेली. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडली. ज्यांना १८९२ पासून सैन्यात जागा नव्हती त्यांना गरज पडली तेव्हा बोलावले, गरज संपताच घरी पाठवले. खंदकात जात विसरली जाते असे एक गोड वाक्य भाषणात नेहमी येते. मेडल ओतणाऱ्या टांकसाळीत ती विसरली गेली नव्हती.

मेलेल्यांचे स्मारक बसऱ्याला झाले. ज्यांना थडगे नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक, १९२९ मध्ये शट्ट-अल-अरबच्या काठावर उघडले. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवले गेले. पण दगडावर काय कोरले ते बघा. इंग्रजांची नावे कोरली, अगदी साध्या सोजिराचीही. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांची मात्र नावे नाहीत, पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या: आणि इतके अन्य हिंदी शिपाई. नावे एका वहीत. फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या स्मारकावर, जे १९२७ मध्ये उघडले, हिंदी शिपायांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे युरोपात ज्याला नाव मिळाले त्याला आशियात आकडा मिळाला. २०२१ मध्ये या स्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगानेच अहवाल काढून हे वंशभेदाने झाले असे कबूल केले. शंभर वर्षांनी का होईना.

नव्ह शापेलच्या निमित्ताने खडकीचे नाव घेतलेच पाहिजे. २८ ऑक्टोबर १९१४ ला मुंबई सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्यांनी, ४७ व्या शिखांबरोबर, त्या गावावर हल्ला केला. सॅपर म्हणजे खणणारे, पूल बांधणारे, सुरुंग लावणारे. त्या दिवशी त्यांना पायदळासारखे पुढे ढकलले. त्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी पडले, माणसांपैकी तिसरा हिस्सा. मुंबई सॅपर्सचे घर आजही खडकीला आहे. खडकीतच युद्धकब्रस्तानात एक भिंत आहे, तिच्यावर पहिल्या युद्धात भारतात वारलेल्या आणि देशभरच्या जुन्या छावण्यांत पुरलेल्या १,८०७ सैनिकांची नावे आहेत. ती बहुतेक इंग्रज आहेत. पुण्याच्या वाटेवर तुम्ही त्या भिंतीवरून कितीदा गेला असाल. इंग्रज पोराचे नाव खडकीला, आपल्या पोराचा आकडा बसऱ्याला.

पण खडकीतच मला सर्वांत आवडणारे स्मारकही आहे. लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये मुंबईत अपंग सैनिकांना हाताचे काम शिकवण्यासाठी संस्था काढली, ती १९२२ मध्ये खडकीला आली. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. शंभर वर्षांवर ती चालू आहे, मेसोपोटेमियाच्या जखमींपासून कारगिलच्या जखमींपर्यंत. तिथे दगडावर नाव कोरत नाहीत, पाय गेलेल्या माणसाला धंदा शिकवतात. माझे मत विचाराल तर पुतळ्यापेक्षा हे स्मरण मला जास्त पटते. खंदकातून आलेल्या माणसाला पुढची चाळीस वर्षे काढायची असतात.

पुतळ्यांबद्दल तक्रार नाही. रायगड जिल्ह्यात माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, दुसऱ्या युद्धात १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांनी एकट्याने मशीनगनचे ठाणे घेतले आणि तिथेच धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीत मोंतोने गावातही २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे स्मारक झाले, एक सूर्यघड्याळ. उत्तम. पण त्यांच्या गोष्टीत चाल आहे, धाव आहे, शेवट आहे. ती सांगता येते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या युद्धातल्या ४६ जणांच्या स्मरणाचा दगड आहे, गावाच्या नावातच मिलिटरी आले. तिथे आकडा असला तरी तो गावाचा आकडा आहे. गाव तो ओळखते.

मग इंदुरीने, मावळाने काय करावे असे कुणी विचारील. मी सांगतो ते अगदी लहान काम आहे. बसऱ्याची ती वही आता संगणकावर आहे, युद्धकबर आयोगाच्या नोंदी कुणालाही पाहता येतात. हिंदी शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचे नाव आणि गाव लिहिलेले असते, जिल्हा ‘पूना’. गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे लिहिले असणार, म्हणून इंदुरी, नवलाख उंबरे, सुदुंबरे, जांबवडे, आंबी ही नावे पाच-सहा तऱ्हेने लिहून पाहावी लागतील. पंजाबात लाहोरच्या संग्रहालयातली भरतीची जुनी रजिस्टरे २०२१ पासून लोकांसाठी खुली होऊ लागली, एकूण तीन लाखांवर नावे, आणि नातवंडे-पणतवंडे त्यांत आपली माणसे शोधू लागली. आपल्याकडची कॉलेजची मुले एक सुट्टी यात घालवतील तर फार मोठे काम होईल. चाकण रस्त्यावर पहाटे भरतीसाठी धावणारी पोरे मी रोज पाहतो. त्यांतल्या चार जणांनी धावून आल्यावर अर्धा तास यात घालवला तरी चालेल.

दुसरे काम घरातले. ज्यांच्याकडे जुनी पेटी आहे त्यांनी ती उघडावी. चांदीचे मेडल बऱ्याच घरांनी वितळवले, त्यात लाजण्यासारखे काही नाही, अडचणीत मोडण्यासाठीच चांदी घरात ठेवतात. राहिले असेल तर त्याची कड पाहा. मेडलच्या कडेवर माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, अगदी बारीक. चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात. काशाचे निघाले तर ते फॉलोअरचे, ते अधिक जपा, कारण त्याबद्दल लिहिलेले फार थोडे आहे.

आणि तिसरे, आज पहिल्या रांगेत बसलेल्या माजी सैनिकांसाठी. तुमच्यापैकी काहींनी सियाचीनला, काहींनी नियंत्रण रेषेवर बंकरमध्ये महिने काढले आहेत. पंधरा ऑगस्टला तुम्हाला नारळ आणि शाल मिळते आणि एखाद्या चकमकीची आठवण विचारली जाते. चकमक झाली नाही अशा रात्रींबद्दल तुम्हाला कुणी विचारले आहे का? रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवून चहा करताना काय बोलणे चालायचे, पत्र यायला उशीर झाला की काय व्हायचे, कंटाळा कसा घालवायचा? व्याख्यान संपल्यावर वाचनालयाच्या खोलीत चहा आहे. मी वही आणली आहे, आणि मला वाटते दोन-चार कॉलेजची मुलेही थांबतील. ज्यांना सांगायचे आहे त्यांनी यावे. लढाईचे नसले तरी चालेल, तेच हवे आहे.